सर्कशीचं चित्र आणि न लिहिलेली नावं



इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. पण इतिहास चित्रातही बसलेला असतो. कोण कुठे बसलंय, कुणाच्या अंगात काय आहे, काम कोण करतंय आणि बघतंय कोण, हे सगळं जुनं चित्र सांगत असतं. आपण विचारलं तर. आज आपण असंच एक चित्र बघणार आहोत. ते फ्रान्स देशातलं आहे. पॅरिस शहरात १८९०-९१ साली ते काढलं गेलं. काढणाऱ्याचं नाव झॉर्झ सरा. चित्राचं नाव अगदी साधं, 'सर्कस'.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आधी ते शब्दांत उभं करतो. हातात निवडायचं धान्य असेल तर ते चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

चित्र उंचीला साधारण सहा फूट आणि रुंदीला पाच फूट आहे. घराच्या दोन फळ्यांच्या दाराएवढं समजा. मधे सर्कशीचं रिंगण आहे. रिंगणात एक पांढरा घोडा पाय ताणून भरधाव सुटलाय. त्याच्या पाठीवर एक तरुणी आहे. बसलेली नाही, उभी आहे, तीही एका पायावर. अंगात झालरीचा आखूड पिवळसर पोशाख, हात पसरलेले. तिच्या मागे एक कसरतवाला हवेत कोलांटी घेतोय, डोकं खाली आणि पाय वर. उजवीकडे गडद कोटातला रिंगमास्टर उभा आहे. त्याच्या हातात लांब चाबूक, आणि चाबकाची दोरी हवेत वळसा घेतेय. अगदी पुढे, आपल्याकडे पाठ करून एक विदूषक आहे. तो पडदा बाजूला धरून उभा आहे, जणू आपल्याला म्हणतोय, या, बघा. मागच्या बाजूला बाकांच्या रांगा, रांगांत प्रेक्षक आणि वरच्या अंगाला वाजंत्रीवाले. सगळ्या चित्रात पिवळा, नारिंगी, लाल आणि निळा हेच रंग खेळतात. भोवतीची निळी कडसुद्धा चित्रकाराने स्वतःच रंगवली आहे.

आमच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर हे चित्र मोबाइलवर हातोहात फिरलं. पहिली बाई म्हणाली, "अगं बाई, ही पडेल की!" दुसरीने विचारलं, "घोडा कुणाचा?" तिसरी म्हणाली, "नाव काय हिचं?" मोठमोठे जाणकार चित्रावर पुस्तकं लिहितात, पण आम्हाला वाटतं की विचारायचं ते या तिघींनी विचारलं. पडली तर काय, मालक कोण आणि नाव काय. हे तीन प्रश्न मनात ठेवूनच आपण पुढे जाऊ.

आधी हे चित्र कसं काढलं ते समजून घेऊ, कारण त्यातच खरी गंमत आहे. जवळ गेलं तर या चित्रात सलग रंग दिसत नाही. दिसतात ते ठिपके आणि बारीक बारीक फटकारे. पिवळ्याशेजारी नारिंगी, निळ्याशेजारी जांभळा, मधूनच एखादा लाल. चार पावलं मागे सरकलं की ठिपके डोळ्यांत एक होतात आणि घोडा दिसतो, बाई दिसते, दिवे दिसतात. या पद्धतीला मराठीत बिंदुवाद म्हणतात. सरा हा या पद्धतीचा पहिला मोठा चित्रकार.

त्याला हे सुचलं कुठून? उत्तर ऐकून शिवणकाम आणि विणकाम करणाऱ्या बायकांना बरं वाटेल. सुचलं ते धाग्यांवरून. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा गालिचे आणि भिंतीवर लावायचे चित्रपट विणणारा मोठा सरकारी कारखाना होता. तिथल्या रंगाईच्या कामावर १८२४ साली शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ नेमले गेले. त्यांच्याकडे एक तक्रार आली. विणणारे म्हणायचे, काळा धागा चांगला रंगवलेला नाही, कापडात तो फिका दिसतो. शेव्हरल यांनी तो धागा तपासला, दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. धागा उत्तम होता. मग घोटाळा कुठे होता? तो काळा धागा निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता, आणि त्या शेजारामुळे फिका वाटत होता. दोष रंगाचा नव्हता, शेजाराचा होता.

यावर त्यांनी अनेक वर्षं अभ्यास करून १८३९ साली मोठं पुस्तक लिहिलं. त्याचं सार आपल्याला चांगलं माहीत आहे. साडीला काठ निवडताना, गोधडीला ठिगळं जोडताना आपण तेच करतो. हिरव्या साडीला लाल काठ उठून दिसतो. तोच लाल काठ नारिंगी साडीवर मरून जातो. लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा या जोड्या एकमेकांना चढवतात. घरी करून बघा. लालभडक कापडाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि लगेच पांढऱ्या भिंतीकडे बघा. तिथे हिरवट डाग तरळेल. डोळा स्वतःच लालाची जोडी शोधत असतो. सराने शेव्हरल यांचं पुस्तक वाचलं आणि अमेरिकेतल्या रूड नावाच्या शास्त्रज्ञाचंही वाचलं. मग त्याने ठरवलं की रंग थाळीत कालवायचे नाहीत, कारण कालवले की ते मळकट होतात. ते वेगवेगळे शेजारी शेजारी ठेवायचे आणि मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं.

पुढे अभ्यासकांनी दाखवलं की त्याचा हिशेब पुरता बरोबर नव्हता. लांबून बघितलं तर ठिपके एकमेकांत विरून काही ठिकाणी रंग उजळण्याऐवजी धुरकट होतो. त्याच्या आधीच्या एका मोठ्या चित्रात त्याने वापरलेला जस्ताचा पिवळा रंग काही वर्षांतच तपकिरी पडला. पण कल्पना मात्र टिकली. आज छापील मासिकातलं रंगीत चित्र भिंगाखाली धरा, ठिपकेच दिसतील. मोबाइलच्या काचेवर पाण्याचा बारीक थेंब टाकून बघा, त्यात लाल, हिरवे आणि निळे कण दिसतील. आपण रोज जे बघतो ते सगळं ठिपक्यांचंच आहे.

आता हा झॉर्झ सरा कोण होता ते ऐका. जन्म २ डिसेंबर १८५९, पॅरिस. घरची स्थिती बरी होती, पोटासाठी चित्र विकायची वेळ आली नाही. स्वभावाने अबोल. १८८४ साली त्याने नदीकाठी पोहायला आलेल्या कामगारांचं एक प्रचंड चित्र काढलं. त्या काळी पॅरिसमध्ये सरकारमान्य असं एकच मोठं प्रदर्शन असायचं. तिथली निवड समिती ठरवेल तो चित्रकार. समितीने सराचं चित्र नाकारलं.

नाकारलेले असे पुष्कळ होते. त्यांनी एकत्र येऊन स्वतःचंच प्रदर्शन भरवलं. पहिल्याच प्रदर्शनाच्या हिशेबावरून भांडणं झाली. हसू नका, बचत गटातल्या बायकांना हे नवीन नाही. मग त्यांनी रीतसर नियम केले आणि १८८४ सालीच संस्था उभी केली. नियम असा की निवड समिती नाही आणि बक्षीसही नाही. ज्याला चित्र मांडायचं त्याने मांडावं. संस्थेचं नाव स्वतंत्र कलाकारांची संस्था. तिथे सराला पॉल सीन्याक नावाचा जिवाभावाचा मित्र मिळाला. 'सर्कस' हे चित्र याच संस्थेच्या १८९१ सालच्या प्रदर्शनात लागलं.

आता परत चित्राकडे या आणि रेषा बघा. सराने रंगांसारखाच रेषांचाही हिशेब मांडला होता. त्याचं म्हणणं असं की वर जाणाऱ्या रेषा, उबदार रंग आणि भरपूर उजेड यांनी मन आनंदी होतं. खाली उतरणाऱ्या रेषा, थंड रंग आणि अंधार यांनी मन उदास होतं. आडव्या रेषा मनाला शांत ठेवतात. १८९० साली एका लेखकाला लिहिलेल्या पत्रात त्याने हे नियमासारखं मांडलं आहे. 'सर्कस' चित्रात रिंगणातलं सगळं वर उसळतंय. घोड्याची मान, बाईचे हात, विदूषकाची शेंडी, चाबकाची दोरी. एकही गोष्ट स्थिर नाही. आणि प्रेक्षक? ते आडव्या, सरळ रांगांत बसलेत. ताठ, जागच्या जागी, ठोकळ्यासारखे.

इथे थांबून जरा विचार करू. मजा करायला आलेली माणसं स्थिर आहेत आणि जी काम करतायत तीच उसळतायत. सर्कशीतला आनंद फुकट येत नाही. तो कुणाच्या तरी घामातून येतो. आपल्या घरच्या लग्नाचं बघा ना. मांडवात बसलेल्यांना लग्न म्हणजे थाट वाटतो. चुलीपाशी बसलेल्यांना लग्न म्हणजे चारशे पानं.

प्रेक्षकांच्या रांगा अजून बारकाईने बघू. खालच्या रांगांत, रिंगणाजवळ, उंच टोप्या घातलेले पुरुष आणि नटलेल्या बायका आहेत. त्या जागा महाग. जसजसं वर जावं तसतसे कपडे साधे होत जातात, आणि सगळ्यात वर, कठड्याला रेलून, साधी कष्टकरी माणसं उभी आहेत. त्या जागा स्वस्त. एकाच छपराखाली, एकच खेळ बघताना, शहराची सगळी उतरंड त्या बाकांवर मांडून ठेवली आहे. सगळ्या बाका भरलेल्याही नाहीत, मधे मधे मोकळ्या जागा आहेत. पहिल्या रांगेत उंच टोपी घालून बसलेला एक माणूस म्हणजे सराचा चित्रकार मित्र आंग्राँ, असं सांगतात. म्हणजे प्रेक्षकांतल्या एकाचं नाव आपल्यापर्यंत पोचलं. घोड्यावरच्या बाईचं पोचलं नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. घोडा कुणाचा? ही सर्कस खरी होती. तिचं नाव फेर्नांदो सर्कस. मालकाचं नाव फेर्दिनांद बेअर, पण लोक त्याला फेर्नांदो म्हणायचे. १८७५ साली पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी तिची पक्की इमारत उभी राहिली. ती वस्ती मजुरांची, धोबिणींची, शिवणकाम करणाऱ्या पोरींची. भाडं कमी म्हणून चित्रकारही तिथेच राहायचे. सर्कस चालती फिरती नव्हती, तंबू नव्हता, रोज रात्री खेळ व्हायचा. ती इमारत १९७० च्या दशकात पाडली गेली.

आणि रिंगण गोलच का? यालाही इतिहास आहे. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप अॅस्टली नावाच्या माजी घोडेस्वार शिपायाने गोल रिंगणात घोड्यांचे खेळ सुरू केले. घोडा गोल धावला की आतल्या बाजूला कलतो. पाठीवर उभा असलेला माणूसही आत कलतो आणि त्या कलण्यातच त्याला तोल सापडतो. सरळ रस्त्यावर हे जमत नाही. सर्कशीच्या रिंगणाची रुंदी पुढे ४२ फूट ठरून गेली. घोड्यावरच्या बाईचं काम असं काटेकोर होतं. एक पाऊल चुकलं तर हाड मोडणार.

म्हणजे पहिला प्रश्न, पडली तर? याचं उत्तर द्यायला त्याच वस्तीतली एक मुलगी आहे. तिचा जन्म १८६५ चा, आई धुण्याची कामं करणारी. ही पोर लहानपणापासून मिळेल ते काम करत होती आणि कोवळ्या वयात सर्कशीत गेली. पंधरा-सोळाव्या वर्षी झुल्यावरून पडली आणि सर्कस कायमची सुटली. मग पोटासाठी ती चित्रकारांसमोर नमुना म्हणून बसू लागली. त्यांच्यासमोर तासन् तास स्थिर बसायची आणि बसता बसता त्यांचा हात बघायची. मग स्वतः काढू लागली. तिचं नाव सुझान व्हालादों. देगा नावाच्या मोठ्या चित्रकाराने तिची रेखाटनं विकत घेतली. १८९४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय कलासंस्थेच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. १९३८ साली ती वारली तेव्हा फ्रान्समधली नामांकित चित्रकार होती. सर्कशीतून पडलेल्या किती पोरी होत्या कुणास ठाऊक. हिचं नाव राहिलं, कारण हिने ब्रश हातात घेतला आणि चित्राच्या कोपऱ्यात सही केली.

फेर्नांदो सर्कशीतल्या आणखी काही बायकांची नावं टिकली आहेत. १८७९ साली देगाने तिथे मिस लाला या कसरतपटूचं चित्र काढलं. दातांत दोर धरून छपरापर्यंत उंच जाणारी ही काळ्या वर्णाची बाई त्या काळी फार गाजली होती. तिचं खरं नाव आन्ना अल्बर्टिन ओल्गा ब्राउन. त्याच वर्षी रन्वार नावाच्या चित्रकाराने फ्रान्सिस्का आणि अँजेलिना व्हार्टेनबर्ग या दोन लहान बहिणींना रंगवलं. खेळ संपल्यावर प्रेक्षकांनी टाकलेली संत्री गोळा करताना त्या चित्रात दिसतात. मुली लहान होत्या, तरी काम करत होत्या. आपल्या देशात सर्कशीत मुलांना कामाला लावायला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली ती २०११ साली.

सराने सर्कशीचं आणखी एक चित्र आधी काढलं होतं, १८८७-८८ मध्ये. ते सर्कशीच्या आतलं नाही, बाहेरचं आहे. जत्रेत तंबूबाहेर फळीवर थोडा खेळ फुकट दाखवतात ना, लोकांना तिकीट काढायला लावण्यासाठी, तेच दृश्य. पॅरिसमध्ये दर वसंतात एक मोठी जत्रा भरायची, तिथलं. वर गॅसच्या दिव्यांची रांग, मधे उंच टोपी घातलेला वादक, खाली लोकांच्या डोक्यांची रांग आणि एका बाजूला तिकिटाची खिडकी. गंमत अशी की जत्रा असूनही हे चित्र उदास आहे. निळसर अंधार, सगळे गप्प उभे. फुकटातला खेळ बघून किती जण आत गेले आणि किती जण पैसे नाहीत म्हणून तिथूनच परतले, हे चित्र सांगत नाही. पण जत्रेत लेकराला कडेवर घेऊन बाहेरूनच पाळणा दाखवणाऱ्या आईला ते उभं राहणं कळेल.

आता तिसरा प्रश्न, नाव काय? यासाठी आपल्याला चित्रकाराच्या घरात जावं लागेल.

१८९१ च्या मार्चमध्ये स्वतंत्र कलाकारांचं प्रदर्शन भरलं. 'सर्कस' अजून पुरतं संपलं नव्हतं, तरी सराने ते लावलं. प्रदर्शन चालू असतानाच तो अचानक आजारी पडला आणि २९ मार्चला गेला. वय फक्त ३१. मित्र हादरले. आणि तेव्हाच बहुतेकांना पहिल्यांदा कळलं की सराला एक संसार होता. मादलेन नोब्लॉख नावाची, कष्टकरी घरातली, त्याच्यासमोर नमुना म्हणून बसणारी तरुणी. वय बावीस-तेवीस. त्यांना एक वर्षाचा मुलगा होता. अगदी शेवटच्या दिवसांत सराने तिला आणि बाळाला आपल्या आईच्या घरी आणलं. आजीने नातू पहिल्यांदा बघितला तो तेव्हा.

लग्न झालेलं नव्हतं. पण मुलाचा बाप म्हणून सराने आपलं नाव लावलं होतं, आणि स्वतःच्याच नावाची अदलाबदल करून मुलाचं नाव प्येर-झॉर्झ ठेवलं होतं. बाप गेल्यावर दोन आठवड्यांत तोही गेला, बहुधा त्याच आजाराने. मादलेन तेव्हा पोटुशी होती. ते बाळही जगलं नाही.

पाठोपाठ एवढं सगळं गेलेली ही बाई, आणि समोर स्टुडिओत चित्रांचा ढीग. मित्रांनी बसून यादी केली. सराच्या घरच्यांनी मादलेनलाही चित्रांचा वाटा दिला, ही त्यांच्या बाजूची चांगली गोष्ट. पण ती कुणाची कोण लागते, हे कागदावर कुठेच नव्हतं. मित्रमंडळींचं आणि तिचं पटलं नाही, संशय आला, बोलणं तुटलं. ती हळूहळू त्या सगळ्यांतून बाजूला पडली आणि १९०३ साली पस्तिशीत वारली.

तिचं एक चित्र आहे. सरानेच काढलेलं, १८८९-९० मधलं. छोट्या टेबलाशी बसून ती तोंडाला पावडर लावतेय. मागे भिंतीवर एक चौकट आहे आणि चौकटीत फुलदाणी. पुढे यंत्राने तपासणी केली तेव्हा त्या फुलांच्या खाली पुरुषाचा चेहरा सापडला. तो सराचाच असावा. आधी त्याने स्वतःला तिच्या शेजारी रंगवलं होतं आणि मग फुलांखाली झाकून टाकलं. हे चित्र १८९० च्या प्रदर्शनात लागलं तेव्हा त्याचं नाव होतं 'पावडर लावणारी तरुणी'. मादलेनचं नाव नाही.

शेव्हरल यांचा काळा धागा आठवा. धागा उत्तम होता, शेजारामुळे फिका दिसत होता. आमच्या मते मादलेनचंही तेच झालं. मोठ्या चित्रकाराच्या शेजारी ती 'नमुना' दिसली, सभ्य मित्रांच्या शेजारी 'ठेवलेली बाई' दिसली. दोष धाग्यात नव्हता.

'सर्कस' चित्राचं पुढे काय झालं तेही ऐका. ते सीन्याककडे राहिलं. नंतर जॉन क्विन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने ते विकत घेतलं आणि मृत्युपत्रात फ्रान्सच्या लुव्र संग्रहालयाच्या नावे लिहून ठेवलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. लिहून ठेवलेलं असल्यामुळे ते बरोबर जागी पोचलं, हे लक्षात घ्या.

या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडेही सर्कस तेव्हाच जन्मली. घोडे शिकवण्यात तरबेज असलेल्या विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस पाहिली. हिंदी माणसाला हे जमायला अजून खूप काळ लागेल, असं चिआरिनी म्हणाल्याचं सांगतात. छत्र्यांनी ते मनावर घेतलं आणि १८८० साली मुंबईत स्वतःची सर्कस उभी केली. हीच भारतातली पहिली सर्कस. त्यांच्या पत्नीही झुल्यावरच्या कसरती करत आणि जनावरांना शिकवत, अशी नोंद सर्कशीच्या इतिहासात आहे. पुढे छत्र्यांची सर्कस दक्षिणेत केरळातल्या तलश्शेरीला गेली, तिथे व्यायाम शिकवणाऱ्या कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी गाठ पडली, आणि त्यातून केरळात सर्कशीचं शिक्षण सुरू झालं. म्हणजे पॅरिसच्या रिंगणात सराची ती अनामिक बाई घोड्यावर उभी होती, तेव्हा आपल्याकडच्या बायाही झुल्यावर चढलेल्या होत्या. १८८० च्या त्या काळात, जेव्हा बाईने घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तरी बोल लागायचा.

मग या चित्रातून आपण काय घ्यायचं?

एक, बघायला शिकायचं. गावातला जुना फोटो, शाळेतलं चित्र, लग्नाचा अल्बम, वर्तमानपत्रातलं छायाचित्र, काहीही समोर आलं तर विचारा. मधे कोण आहे, कडेला कोण आहे? काम कोण करतंय, बघतंय कोण? आणि फोटोखाली नावं कुणाची आहेत? सत्काराच्या फोटोत हार घालणाऱ्यांची नावं छापून येतात. तीन दिवस मांडे लाटणाऱ्या बायकांच्या फोटोखाली 'महिला वर्ग' एवढंच येतं.

दोन, आपलं नाव आपण लिहून ठेवायचं. गटाच्या वहीत सही करताना आपण थट्टा करतो, 'कशाला गं एवढं?' पण गटाची वही म्हणजे आपला इतिहासच आहे. कोणी कधी किती बचत केली, कोणी कर्ज घेऊन शेळी आणली, कोणी पापडाची मशीन घेतली, हे उद्या दुसरं कुणी सांगणार नाही. आणि वहीच्या पुढे जाऊन घराच्या आठ-अ उताऱ्यावर, जमिनीच्या सातबाऱ्यावर, बँकेच्या खात्यात वारस म्हणून आपलं नाव आहे का, ते बघा. मादलेनवर माया करणारा माणूस होता. पण माया कागदावर दिसत नाही. माणूस अचानक गेल्यावर विचारतात ते कागदच. विधवा झालेल्या, सोडलेल्या बायका आपल्या गटांत आहेत. त्यांना हे सांगावं लागत नाही.

तीन, घरात आजी असेल, सासू असेल, तर तिला तिच्या कामाबद्दल विचारा आणि एका वहीत लिहा. कोणत्या धरणाच्या कामावर माती वाहिली, कोणत्या विहिरीवर, दुष्काळात खडी कुठे फोडली, मजुरी किती मिळायची. तिचं पूर्ण नाव लिहा, माहेरचं गाव लिहा. गटात एखादी कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर तिला हे काम द्या.

सराच्या चित्रातला एकेक ठिपका जवळून बघितला तर काहीच नाही, लाल नाही तर पिवळा, बस. पण कुठलाही ठिपका काढला तर तिथे भोक पडेल. घोड्यावरची ती बाई अजून एका पायावर उभी आहे, एकशे तीस वर्षांहून जास्त काळ, आणि तिचं नाव आपल्याला कळायला आता वाट नाही. आपल्या गावातल्या बायकांची नावं कळायला मात्र अजून वाट आहे. ती आपल्याच हातात आहे.

या आठवड्यात एक करा. घरातली कागदपत्रं काढा आणि आपलं नाव कुठे कुठे आहे ते बघा. नसेल तर पुढच्या बैठकीत गटात बोला, तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत चौघी मिळून जाऊ.